वाघाच्या मावशीचे वय



सातवीतल्या मुलाच्या जन्माच्या वर्षी घरात आलेले मांजराचे पिल्लू आज मुलाएवढेच, म्हणजे १२ वर्षांचे असते. पण मुलगा आता कुठे मोठा होऊ लागला आहे आणि मांजर आजीच्या वयाला पोहोचले आहे. घरातल्यांच्या हे लक्षात येत नाही, याचे वाईट वाटते.

‘मांजराचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात’ असे नेहमी सांगितले जाते. हा हिशेब बरोबर नाही. एक वर्षाची मांजर पिल्लांची आई झालेली असू शकते. तिची तुलना सात वर्षांच्या मुलीशी कशी होईल? पशुवैद्य साधारण असे धरतात : पहिल्या वर्षाअखेर माणसाची १५ वर्षे, दुसऱ्या वर्षाअखेर २४ आणि पुढे दरवर्षी ४. म्हणजे ६ वर्षांचे मांजर चाळिशीचे आणि १२ वर्षांचे ६४ चे.

अर्थात हा अंदाज आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यातली क्रीम पफ नावाची मांजर १९६७ ते २००५ अशी ३८ वर्षे जगली. तिचे मानवी वय विद्यार्थ्यांनी स्वतः काढावे. उत्तर १६८ येईल, आणि एवढा तर कोणी माणूस जगलेला नाही!

मग या हिशेबाचा उपयोग काय? माझ्या मते उपयोग आपल्या वागणुकीसाठी आहे. म्हातारे मांजर कपाटावर उडी मारत नाही, तेव्हा ‘आळशी झाले’ म्हणून आपण मोकळे होतो. पुष्कळदा त्याचे सांधे दुखत असतात. ते जास्त पाणी पिऊ लागले, वाळू लागले, तर मूत्रपिंडाचा आजार असू शकतो. ‘पुढच्या वर्षी दाखवू’ म्हणजे त्याची चार वर्षे घालवणे. आपल्याजवळच महूला १९५५ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. सल्ला मिळणे अवघड नाही. मात्र वय माणसाच्या मापाने मोजले, तरी औषध माणसाचे देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

उंदीर धरत नाही म्हणून म्हातारे मांजर पोत्यात घालून लांब सोडून येणारेही आहेत. ६४ वर्षांच्या माणसाला अनोळखी मोहल्ल्यात कोणी असे सोडेल का? पालकहो, मुले हे पाहत असतात. म्हाताऱ्यांशी कसे वागायचे, हे ती पुस्तकातून कमी आणि घरातून जास्त शिकतात.