पामतेलाचा मळा आणि त्याचा जमाखर्च

‘तैल’ हा शब्द ‘तिल’ या शब्दापासून निघाला, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. परंतु सांप्रत आपल्या देशांत खाण्याचें जें तेल परदेशांतून येतें, त्याचा तिळाशीं कांहीं संबंध उरलेला नाहीं. त्यांतील सर्वांत मोठा वांटा आफ्रिकेंतून निघालेल्या एका ताडवर्गीय झाडाचा आहे. रेशनच्या दुकानांतील पामतेल ज्या घरांत एकेकाळीं नाक मुरडून घेतलें जाई, त्याच घरांत तें आज बिस्किटें, फरसाण व साबण यांच्या रूपानें न विचारतां शिरलें आहे. तेव्हां हें तेल पिकविणारी एखादी मोठी कंपनी चालते कशी, तिला नफा कशांत होतो व ती ठेंचाळते कोठें, हें या महिन्यांत पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यासाठीं निवडलेली कंपनी मलेशियांतील एस्. डी. गथ्री ही होय. २०२४ पर्यंत तिचें नांव साइम डार्बी प्लांटेशन असें होतें.

कंपनीची वंशावळ लांबलचक आहे. अलेक्झांडर गथ्री या व्यापाऱ्यानें १८२१ सालीं सिंगापुरांत पेढी घातली. साइम आणि डार्बी यांची पेढी १९१० सालीं मलाक्का येथें रबराच्या मळ्यांसाठीं निघाली. पुढें रबराचे दिवस उतरले, तसतसे हे मळे तेलताडाकडे वळले. १९८१ च्या सप्टेंबरांत पर्मोदालान नासिओनाल या मलेशियाच्या सरकारी गुंतवणूक-संस्थेनें लंडनच्या शेअरबाजारांत सकाळीं खरेदी आरंभिली, आणि कांहीं तासांतच गथ्री कंपनी इंग्रजांच्या हातून गेली. देशास राजकीय स्वातंत्र्य १९५७ सालींच मिळालें होतें. मळ्यांचें स्वातंत्र्य चोवीस वर्षांनीं आलें. पुढें २००७ सालीं साइम डार्बी, गथ्री व गोल्डन होप या तिन्ही कंपन्या एकत्र करण्यांत आल्या, आणि २०१७ च्या नोव्हेंबरांत मळ्यांचा भाग निराळा काढून त्याची स्वतंत्र कंपनी बाजारांत आली. मलेशिया, इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी आणि सॉलोमन बेटें मिळून तिची लागवड पांच लाख हेक्टरांहून अधिक आहे.

ज्यांच्या घरीं कोंकणांत नारळी-पोफळीची बागाईत आहे, त्यांस या धंद्याचें मर्म चटकन् ध्यानांत येईल. तें झाडाच्या वयांत आहे. तेलताड लावल्यापासून सुमारें तिसऱ्या वर्षीं फळ धरूं लागतो, आठव्या-दहाव्या वर्षीं भरास येतो, आणि पंचविशीच्या सुमारास इतका उंच होतो कीं घड काढणें परवडत नाहीं. मग तो पाडून नवा लावावा लागतो. यास्तव शहाण्या कंपनीनें दरसाल शेंकडा चार-पांच या हिशेबानें जुनीं झाडें काढलीं पाहिजेत. परंतु झाड पंचवीस वर्षांचें आणि तेलाचा भाव रोजचा! २०१८ च्या अखेरीस मलेशियांत टनाचा भाव दोन हजार रिंगिटांच्या खालीं गेला होता. २०२२ च्या मार्चांत तोच सात हजारांवर चढला. भाव पडला म्हणजे नव्या लागवडीस पैसा नसतो, आणि चढला म्हणजे फळ देणारें झाड पाडण्यास हात धजत नाहीं. या दोन्ही मोहांतून वांचलेले व्यवस्थापक थोडे. टाळलेल्या लागवडीचा तोटा दहा वर्षांनीं दिसतो, आणि तोंपर्यंत ते गृहस्थ बहुधा निवृत्त झालेले असतात.

फळ तोडल्यापासून चोवीस तासांच्या आंत घाण्यांत गेलें नाहीं तर तेलांतील आम्ल वाढतें व किंमत उतरते. म्हणून मळा आणि घाणा एकमेकांस लागून असावे लागतात. शंभर मण घडांपासून सुमारें वीस मण तेल निघतें. हेक्टरी तीन-चार टन तेल देणारें दुसरें कोणतेंहि पीक नाहीं. सोयाबीन अर्ध्या टनापर्यंतहि पोंचत नाहीं. म्हणून पामतेलास नांवें ठेवणाऱ्यांनीं त्याऐवजीं दुसरें तेल घ्यावयाचें तर जमीन किती लागेल, हाहि हिशेब करावा. जंगलें तोडून मळे केले गेले, हा आरोप खोटा नाहीं, व त्याचें उत्तर म्हणून २००४ सालीं उत्पादक, व्यापारी व निसर्गरक्षक यांनीं मिळून प्रमाणपत्र देणारी जी संस्था काढली, तींत ही कंपनी ठळकपणें आहे. परंतु आरोप आणि हिशेब हीं दोन्हीं एकाच वहींत मांडलीं पाहिजेत.

या पिकाच्या इतिहासांतील एक गोष्ट आम्हांस मोठी मौजेची वाटते. मलेशियांत पूर्वीं तेलताडाच्या फुलांवर माणसांकरवीं पराग टाकावे लागत. हजारों मजूर याच कामावर असत. आफ्रिकेंत हें काम एक सोंडेचा बारीक भुंगेरा फुकट करतो, असें आढळून आल्यावर तो कामेरूनमधून आणून १९८१ सालींच मलेशियांत सोडला. मजुरी वांचली आणि फळहि अधिक धरूं लागलें. परागसिंचनाचा प्रश्न असा किड्यानें सोडविला. पण फळ तोडण्याचें काम करणारा किडा अद्याप कोणास सांपडलेला नाहीं.

आणि खरी अडचण नेमकी तेथेंच आहे. बांबूसारख्या लांब दांड्याला बांधलेल्या विळ्यानें वीस-पंचवीस किलोंचा घड वरून तोडावयाचा, खालीं पडलेले सुटे दाणे वेंचावयाचे, आणि दर दहा-पंधरा दिवसांनीं त्याच झाडाकडे पुन्हां यावयाचें. हें काम स्थानिक तरुण करीत नाहींत. इंडोनेशिया, बांगलादेश, नेपाळ आणि आपला हिंदुस्थान येथून माणसें आणावीं लागतात. तीं येतांना दलालास पैसे देऊन येतात, तेहि बहुधा कर्जाऊ. कंपनीच्या जमाखर्चांत हें कर्ज कोठेंच दिसत नव्हतें, कारण तें मजुराच्या नांवावर होतें. परंतु २०२० च्या ३० डिसेंबरास अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्यानें या कंपनीचें तेल वेठबिगारीच्या संशयावरून बंदरांतच अडविण्याचा हुकूम काढला. कागदपत्रें काढून घेणें, धाकदपटशा, फसवणूक, अतोनात कामाचे तास असे आरोप होते. मिठाई व चॉकलेट करणाऱ्या कांहीं बड्या ग्राहकांनींहि खरेदी थांबविली. कंपनीनें आजी-माजी मजुरांस त्यांनीं दिलेली दलाली परत करण्यासाठीं आठ कोटी रिंगिटांहून अधिक रक्कम बाजूस काढली, आणि २०२३ च्या फेब्रुवारींत तो हुकूम उठला.

यांत एक विलक्षण योग आला. भाव कधीं नव्हे इतका चढला तें २०२२ साल महामारीनंतर परदेशी मजूर न आल्यामुळें हातांच्या तुटवड्याचें होतें. एक लाखाहून अधिक माणसें कमी पडतात, असें तेथील धंदेवाले सांगत. म्हणजे भाव आभाळाला भिडलेला, आणि पिकलेले घड झाडावरच कुजत आहेत! मजुराची किंमत खर्चाच्या बाजूस कमींत कमी धरणाऱ्या कंपनीस, तो नसला म्हणजे किती जातें हें त्या वर्षीं कळलें असावें. आमच्या मतें कंपनीच्या धोरणांतील मोठा दोष लागवडीचा वा भांडवलाचा नव्हे, तर हाच होता. जमिनीकडे पंचवीस वर्षांच्या दृष्टीनें पाहणारे हे लोक माणसांकडे दोन-तीन वर्षांच्या कराराच्या दृष्टीनें पाहत आले.

जमिनीच्या बाबतींतहि सर्वच डाव साधले असें नाहीं. २००९ सालीं लायबेरिया देशांत त्रेसष्ट वर्षांच्या करारानें सुमारें दोन लाख वीस हजार हेक्टर जमीन घेतली, तेव्हां आफ्रिकेचें पीक आफ्रिकेंत परत गेलें असें वाटलें. परंतु गांवकऱ्यांच्या जमिनीविषयींच्या तक्रारी, रोगाची सांथ व जंगलाविषयींचे नवे निर्बंध यांत लागवड दहा हजार हेक्टरांच्या आसपास अडली, आणि २०२० च्या आरंभीं कंपनी तेथून बाहेर पडली. याउलट २०१५ सालीं एक अब्जाहून अधिक पौंड देऊन घेतलेली पापुआ न्यू गिनींतील न्यू ब्रिटन पाम ऑइल ही कंपनी महाग पडली असें म्हणणारे त्या वेळीं पुष्कळ होते. पण तेथें ज्वालामुखीची सुपीक माती, लावलेले मळे आणि चालते घाणे हे सर्व तयार मिळाले. कागदावरची स्वस्त जमीन आणि राबती महाग जमीन यांतील फरक कंपनीस दोन देशांत दोन तऱ्हांनीं शिकावा लागला.

अलीकडे शहरांजवळच्या कांहीं जुन्या मळ्यांच्या जमिनी सौरविद्युत् व उद्योगवसाहती यांकडे वळविण्याचें तिनें ठरविलें आहे. कांहीं भागधारकांस हें मूळ धंद्यापासून ढळणें वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. जेथें झाड म्हातारें झालें, मजूर मिळत नाहीं आणि शेजारीं कारखाने आले आहेत, तेथें पुन्हां पंचवीस वर्षांचें झाड लावून बसण्यापेक्षां उन्हाचे पत्रे मांडणें बरें. त्यांस तोडणारा लागत नाहीं. मात्र यांतून येणारा पैसा उरलेल्या मळ्यांत नवीन रोपें लावण्याकडे आणि मजुरांच्या चाळींकडे जातो, कीं केवळ लाभांशांत वांटला जातो, हें कंपनीच्या पुढील चार-पांच वार्षिक अहवालांतून पाहावें लागेल.