छायाचित्राची कल्हई

कॅमेऱ्याच्या भिंगापुढे बसवायची रंगीत काच, हा ‘फिल्टर’ या शब्दाचा छायाचित्रणातील मूळ अर्थ. पिवळ्या काचेमुळे कृष्णधवल चित्रात आकाश गडद होई आणि ढग उठून दिसत. चेहऱ्याचे काम निराळे. स्टुडिओतील कारागीर निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून डाग घालवीत, छापलेल्या चित्रावर कुंचल्याने रंग चढवीत. २०१० च्या ऑक्टोबरात इन्स्टाग्राम आले आणि ती तासांची मेहनत बोटाच्या एका स्पर्शावर आली. फिल्म भलत्याच रसायनात धुतल्यावर उमटणारे भडक रंगही तेथे हौसेने निवडता येऊ लागले!

आपल्या भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांना कल्हई करतात, ती आंबट पदार्थ कळकू नये म्हणून. फिल्टरचाही असा रास्त उपयोग आहे. दुकानातील पिवळ्या दिव्याने बिघडलेला रंग त्याने सुधारता येतो. परंतु आंधळगावच्या कोशाचा सोनसळी रंग वाढवून व्हॉट्सॲपवर धाडला, तर गिऱ्हाईक साडी परत करणारच.

वधूवरांच्या परिचयपत्रिकेत साडी नसते, मुलगी असते. वर्ण उजळलेला फोटो बहुधा घरचीच माणसे धाडतात. पहिल्या भेटीत समोरच्यांच्या नजरेतील फरक मात्र तिला सोसावा लागतो. स्थळे शोधताना वर्ण निवडण्याची सोय (तीही फिल्टरच म्हणायची) शादी डॉट कॉमने तक्रारींनंतर २०२० च्या जूनमध्ये काढून टाकली. परिचय मेळाव्याची पुस्तिका छापणाऱ्या मंडळांनीही यंदापासून साध्या उजेडातील, न उजळलेलेच फोटो मागवावेत.