अर्ध्या अश्वशक्तीचा आग्रह

मे महिना म्हणजे आपल्या धंद्याचा हंगाम. चाकरमानी घरी आलेले, न्याहारी-निवासाच्या खोल्या भरलेल्या आणि विहिरी तळाला गेलेल्या. अशा वेळी घरमालक आपल्याला बोलावतो आणि एकच मागणी करतो: पंप मोठा द्या. अर्ध्याचा एक, एकाचा दीड. मागणारा पैसे मोजणारा असतो, म्हणून आपण तो बसवून मोकळे होतो. पंप, नळ आणि वायरिंगचे काम करणाऱ्या आमच्या सर्व वाचकांना या अंकात एकच सांगायचे आहे. मालवणच्या किनाऱ्यावर, विशेषतः तारकर्ली-देवबागच्या वाळूत, ही मागणी नाकारायला आपण शिकले पाहिजे.

देवबागची जमीन डोळ्यांसमोर आणा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. या पट्टीखालचे गोडे पाणी म्हणजे वाळूत मुरलेला पाऊस. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड, त्यामुळे गोड्याचा थर खाऱ्यावर तरंगत राहतो. गायबेन आणि हर्झबर्ग या दोन अभियंत्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, याचे गणित मांडले. समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी १ फूट असेल, तर सपाटीच्या खाली ते सुमारे ४० फूट असते. हेच गणित उलटेही चालते. वरची पातळी उपशाने १ फूट कायमची खाली गेली, की खालचे खारे पाणी कालांतराने ४० फूट वर सरकते. जोरदार पंपाच्या विहिरीखाली तर ते सुळक्यासारखे उठते आणि आसपासच्या वाळूत गोडे पाणी शिल्लक असतानाही ती विहीर मचूळ होते. मालकाला वाटते, पाणी संपत आले, पंप आणखी मोठा हवा.

आता आपल्या हातातला हिशेब करू. अडीच मीटर व्यासाच्या विहिरीतून हजार लिटर काढले, तर पाझर न धरता पातळी २० सेंटिमीटर उतरते. एक अश्वशक्तीचा घरगुती पंप कमी उंचीवर तासाला पाच-सहा हजार लिटर सहज ओढतो, म्हणजे पातळी मीटरभर खाली. वाळूतला पाझर वेगवान असल्याने प्रत्यक्षात ती इतकी उतरत नाही, पण ओढ तेवढीच बसते. पाच माणसांच्या घराला शहरी मापाने, माणशी १३५ लिटर धरले तरी, दिवसाला ६७५ लिटर लागतात. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप एवढे पाणी अर्ध्या तासात देतो, आणि तेही एकदम न काढता सकाळ-संध्याकाळ मिळून पंधरा-पंधरा मिनिटे काढता येते. टाकी मोठी, पंप लहान, उपसा थोडा थोडा, टाकीत फ्लोट स्विच: किनाऱ्यावरच्या कुठल्याही घराची जोडणी याच क्रमाने व्हावी. टाकी भरून वाहत राहिली की पाणी आणि वीज दोन्ही गटारात जातात, आणि खाली खारे पाणी वर सरकलेले असते ते वेगळेच.

मोठ्या पंपाची आणखी एक बाजू आहे, ती आरोग्याची. वाळू पाणी अडवत नाही. विहिरीपासून थोड्या अंतरावर शोषखड्डा असेल, तर जोरदार उपसा त्यातले पाणीही विहिरीकडे ओढतो. चार खोल्यांच्या आठ खोल्या झालेल्या घरात शोषखड्डा कुठे आहे, हे पंपाला हात लावण्याआधी विचारा.

यात कायद्याचाही भाग आहे. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल काढायला मनाई केली. सूट दिली ती तिथे राहणाऱ्या स्थानिकांना, त्यांच्या स्वतःच्या वापरापुरती. २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यातही साध्या विहिरीतून हाताने उपसा, एवढीच मुभा ठेवली. नियम लिहिणाऱ्यांना हे गणित ठाऊक होते. वाळूत बोअर मारून देणारा माणूस मात्र ते विसरतो, आणि दोन उन्हाळ्यांनी मालकाच्या हाती खाऱ्या पाण्याचा पाइप राहतो.

विजेच्या बाबतीत आपले लक्ष चुकीच्या जागी असते. हजार लिटर पाणी १० मीटर चढवायला, पंपाची घट धरूनही, सुमारे दशांश युनिट लागते. उलट २० लिटरची एक बादली १५ अंशांनी तापवायला साधारण ०.३५ युनिट लागते. म्हणजे एका आंघोळीच्या विजेत तीन हजार लिटरहून जास्त पाणी टाकीत चढते. पाहुण्यांच्या प्रत्येक खोलीत स्वतंत्र गिझर लावणे ही या पट्ट्यातली सर्वांत महागडी सवय आहे, आणि मचूळ पाण्याने त्या गिझरची कॉइल लवकर खाल्ली जाते ती वेगळीच. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळते म्हणून मालक छताकडे बोट दाखवतो. त्याला आधी सोलर बंबाचा हिशेब दाखवा, मग उरलेल्या विजेएवढेच पॅनेल सुचवा. पंपाच्या पाइपचेही तसेच. एक इंचाऐवजी सव्वा इंची पाइप टाकला, तर तेवढ्याच प्रवाहाला घर्षणाची घट जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर येते. कित्येकदा दोष पाइपचा असतो आणि बदलला जातो पंप.

परसातल्या पाण्याबद्दल आम्ही जरा जास्त आग्रही आहोत. मे महिन्यात रोज ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर १०० चौरस मीटर हिरवळीला दिवसाला ५०० लिटर पाणी लागते. माडांसाठी कासरगोडच्या केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्थेची जुनी शिफारस आहे: आळ्यात चार दिवसांनी २०० लिटर, किंवा ठिबकने बाष्पीभवनाच्या ६६ टक्के. ठिबकने माडाला दिवसाला तीस-बत्तीस लिटर पुरतात. हिरवळीच्या त्या ५०० लिटरमध्ये पंधरा माड पोसले जातात आणि ते नारळ देतात. वाळूवर हिरवळ लावून देण्याचे काम आपण घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नारळाची सोडणे बुंध्याभोवती चर काढून, खोलगट बाजू वर ठेवून पुरली, तर ती पावसाचे पाणी धरून ठेवतात. न्हाणीचे पाणी अळू-केळीला सोडण्याची पद्धत बहुतेक जुन्या घरांत होती. नव्या बांधकामात तेच पाणी पाइपने शोषखड्ड्यात घातले जाते. एक वेगळा पाइप टाकायला किती खर्च येतो, ते आपल्याला माहीत आहे.

पावसाचे पाणी विहिरीजवळ मुरवायचे तर आत्ताच. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे १०० चौरस मीटर कौलांवर जवळजवळ तीन लाख लिटर. वाळूत ते मुरवलेले टिकते. सड्यावरच्या जांभ्यात मात्र जूनमध्ये मुरवलेले पाणी भेगांतून उताराला निघून जाते आणि झरे फेब्रुवारीत आटतात. तिथे वनराई बंधारे आणि परतीच्या पावसाचे पाणी धरणे जास्त कामाचे. किनाऱ्याचा उपाय सड्यावर आणि सड्याचा किनाऱ्यावर नेऊ नये.

आणखी एक. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने किनाऱ्यावरची वीज अनेक दिवस बंद पाडली, तेव्हा विहिरी भरलेल्या असूनही लोकांना पाणी काढता येईना, कारण कप्प्या काढून टाकलेल्या होत्या. पंप बसवताना कप्पी आणि दोर जागेवर राहू द्या. तोंडावर लोखंडी झाकण वेल्ड करत असाल, तर त्यात पोहरा जाईल एवढे दार ठेवा.

वाचकांकडून एक काम हवे आहे. या महिन्यात ज्या विहिरीवर जाल, तिथे पंप सुरू करताना आणि तासाभराने टीडीएस मोजा. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला ५०० ची मर्यादा आहे, दुसरा पर्याय नसेल तर २००० पर्यंत चालते. तासाभरात आकडा चढत असेल, तर तो पंप त्या विहिरीला जास्त आहे. बिलाच्या मागे तसे लिहून मालकाच्या हातात द्या. गाव, विहिरीचा व्यास, पंपाची अश्वशक्ती आणि दोन्ही आकडे ७ जूनपूर्वी आमच्याकडे पाठवा. नाव छापणार नाही. गावनिहाय तक्ता दिवाळीच्या आधीच्या अंकात देऊ, म्हणजे पुढच्या हंगामात मोठा पंप मागणाऱ्या मालकासमोर ठेवायला आपल्याच विहिरींचे आकडे हातात असतील.