फवारणीचे पंप आणि मेंदूतली फट

पोळा जवळ आला की आपल्याकडे कपाशीत फवारणीचे पंप फिरू लागतात, आणि संध्याकाळी एखादा तरी गडी म्हणतो, "गुरुजी, अंधारी येते, तोंडाला सारखं पाणी सुटतं." घरचे ऊन लागले म्हणून लिंबूपाणी देतात. मी आधी त्याच्या डोळ्यांतली बाहुली पाहतो. ती टाचणीच्या टोकाएवढी झाली असेल तर दुखणे उन्हाचे नव्हे.

मंडळी, मेंदूतल्या दोन पेशी जिथे निरोप देतात-घेतात तिथे त्या एकमेकींना टेकत नाहीत. मधे मिलिमीटरच्या साधारण 50,000व्या भागाएवढी फट असते. असेटिलकोलीन नावाचे रसायन निरोप पलीकडे नेते आणि तिथले एक विकर, म्हणजे डॉक्टर लोकांचे एन्झाइम, त्याचे क्षणात तुकडे करते. नसा आणि स्नायू यांच्या सांध्यातही हेच चालते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही औषधे नेमकी त्या विकरालाच धरून बसतात. मग निरोप थांबतच नाही. लाळ, घाम, अंगाची थरथर, आणि शेवटी श्वास अडतो.

एवढ्याशा जागेतले विकर कुणाला दिसले कसे? 1949 मध्ये अमेरिकेत कोएले आणि फ्रिडेनवाल्ड यांनी एक युक्ती केली. ऊतीचा पातळ काप घेऊन त्याला असेटिलकोलीनसारखेच, पण गंधक असलेले रसायन दिले. विकराने ते तोडले की सुटलेला भाग तांब्याला धरतो आणि पुढच्या प्रक्रियेत तिथे काळपट तपकिरी डाग उमटतो. विकर दिसत नाही, त्याने केलेले काम दिसते! कीटकनाशकाने विकर बंद पडले असेल तर काप फिका राहतो. ही युक्ती मला फार आवडते.

पण जिवंत माणसाच्या मेंदूचा काप कोण काढणार? सुदैवाने हेच विकर रक्तातल्या तांबड्या पेशींवरही असते, म्हणून रक्त तपासून अंदाज येतो. अडचण एकच. प्रत्येकाची मूळ पातळी वेगळी, त्यामुळे आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्यावरून नीट बोध होत नाही. कॅलिफोर्नियात अशी औषधे नेहमी हाताळणाऱ्या मजुराचे रक्त आधीच तपासून ठेवतात. तांबड्या पेशींतले विकर मूळच्या 70 टक्क्यांवर आले की त्याला त्या कामावरून काढून दुसरे काम देतात. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. आपली कपाशी तीच, पाठीवरचे पंपही तेच. तरी हंगामाआधी रक्त तपासून घेतलेला एकही फवारणारा मला अजून भेटलेला नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. विकराला धरलेले औषध काही तासांत घट्ट होत जाते, मग ते सोडवणारे उताऱ्याचे औषध फारसे चालत नाही. तेव्हा लिंबूपाण्यात वेळ घालवू नका. भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि दवाखान्यात जाताना औषधाची बाटली लेबलासकट सोबत न्या.