बीपीची गोळी आणि कढईतली उरलेली भाजी



"बीपीची गोळी एकदा लागली की जन्माची." आमच्या भिशीत दर महिन्याला कोणीतरी हे म्हणतंच, आणि म्हणता म्हणता दुसरी कचोरी उचलतं. मला या वाक्याचा राग येतो. ते खोटं आहे म्हणून नाही, काहींच्या बाबतीत ते खरंच आहे. पण ते म्हटलं की आपल्याला काही करायला नको, म्हणून ते इतकं लाडकं आहे.

तीन वर्षांपूर्वी माझं वजन ७६ किलो होतं आणि गोळ्या दोन. चौदा महिन्यांत नऊ किलो उतरलं. मग उठताना चक्कर येऊ लागली, बीपी मोजलं तर वरचं ११०. डॉक्टर म्हणाले, औषध आता जास्त होतंय. त्यांनी एक गोळी आधी निम्मी केली, दोन महिन्यांनी बंद केली. दुसरी चालू आहे, कदाचित राहीलही. मी बी.कॉम. आहे, हिशोब कळतो: साधारण एक किलो वजन गेलं की वरचं बीपी सरासरी एक पॉइंट उतरतं. चमत्कार नाही, पण जमेची बाजू आहे.

आणि म्हातारपणी हे होत नाही असंही म्हणू नका. अमेरिकेत ६० ते ८० वयाच्या ९७५ जणांवर झालेला अभ्यास १९९८ साली छापून आला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांची गोळी थांबवली होती. ज्यांनी वजन आणि मीठ कमी केलं, त्यांच्यातले जास्त लोक गोळीशिवाय राहू शकले. बऱ्याच जणांना मात्र ती परत सुरू करावी लागली, हेही त्यातच आहे.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे वळू. कांदा-बटाटा खात नाही म्हणून आपला आहार हलका, हा भ्रम कुठून आला? आठम-चौदसला हिरवी भाजी नाही, मग ताटात काय येतं? पापड, खाखरा, शेव, लोणचं. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे एक लहान चमचाभरही नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते त्या एका ताटातच संपत असेल.

माझं वजन मात्र पापडाने नाही, कढईने वाढवलं. उष्टं टाकायचं नाही, त्यात जीव पडतात, हे मला मान्य आहे. ताट धुऊन पिणारी मी आहे. पण सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेली भाजी, नातवाची अर्धी पोळी, वाटीच्या तळाचा शिरा, हे सगळं बाईच्याच पोटात का जायचं? दोष टाळायचा तर कणीक एक वाटी कमी मळा. शास्त्रात पुरुषाचा पूर्ण आहार ३२ कवळ आणि स्त्रीचा २८ सांगितला आहे, त्याहून कमी खाणं म्हणजे उणोदरी. उणोदरी हे तप आहे. पर्युषणात अठ्ठाईचं कौतुक आपण वाजतगाजत करतो, उणोदरीची मिरवणूक मात्र मी अजून पाहिलेली नाही.

आता जे लिहायला मला जड जातंय ते. माझी गोळी बंद झाल्याचं मी घरात फार मिरवलं. ते ऐकून आमच्या धाकट्या जाऊबाईंनी स्वतःच्या तिन्ही गोळ्या एका दिवसात बंद केल्या. वजन तेवढंच, फक्त उपवास वाढवले. कोणाला सांगितलं नाही. अकराव्या दिवशी पहाटे उजवा हात उचलेना.

हात आता बराचसा परत आला आहे. अक्षर अजून वाकडं येतं. गोळी कमी कधी करायची आणि किती, उपवासात घ्यायची कशी, हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं. हे एवढं वाक्य मी तेव्हा बोलले नव्हते. दर रविवारी त्या माझ्याकडे येतात, मी दोघींचं बीपी मोजून वहीत लिहिते. त्यांच्या रकान्यात त्या स्वतःच आकडा घालतात, वेळ लागला तरी.