उसाच्या फडातील मुलांना तर्क कोण शिकविणार?

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकविण्याची पद्धत अलीकडे शहरांतील सुखवस्तू कुटुंबांत रुजू लागली आहे. मुंबईच्या मालविका राज जोशी हिला आईने शाळेतून काढून घरी शिकविले. दहावी-बारावीचे प्रमाणपत्र हाती नसतानाही संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधील पदकांच्या बळावर तिला २०१६ साली अमेरिकेतील एमआयटीत प्रवेश मिळाला. या मायलेकींचे आम्हाला कौतुकच आहे.

परंतु आमच्या धाराशिव जिल्ह्यातही शाळेबाहेर शिकणारी मुले आहेत, त्यांच्याकडे मात्र कोणाचे लक्ष नाही. दिवाळीच्या सुमारास कळंब, वाशी, भूम भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि आईबापांबरोबर मुलेही कोपीवर जातात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला त्याने हक्क दिला. घरी शिकण्याचा पर्याय या कायद्याने २०१२ च्या दुरुस्तीनंतर केवळ तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या बालकांसाठी नमूद केला. ऊसतोड्याच्या मुलाचे नाव हजेरीपटावर आणि ते स्वतः फडात, अशी ही अवस्था आहे. हंगामी वसतिगृहांची योजना आहे, ती प्रत्येक गावी वेळेवर सुरू झालीच पाहिजे, ही आमची पहिली मागणी आहे. शाळेला पर्याय म्हणून आम्ही कोपीचे गोडवे गाणार नाही.

तथापि जी मुले फडात जाणारच आहेत, त्यांना चार महिने काय शिकवावे? आमचे उत्तर आहे, विचार करणे. त्यासाठी पुस्तके लागत नाहीत.

मुकादम म्हणतो, तुझ्या बापाची उचल अजून फिटली नाही. कोर्टात आम्ही रोज पाहतो की, जो दावा करतो त्यानेच तो सिद्ध करायचा असतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हेच होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही तेच आहे. ऐकीव गोष्ट पुरावा होत नाही, हेही तसेच. दहा वर्षांच्या पोरीला हे कळले आणि तिने वजनाच्या पावत्या जपून ठेवल्या, तर पुढच्या वर्षी तिच्या आईबापाचा कोयता कोणाला फुकट राबविता येणार नाही.

दुसरे उदाहरण घ्या. म्हैस आटली, कारण अमकी म्हातारी दारावरून गेली, असे वस्तीवर बोलले जाते. आपल्या दिङ्नागाने दीड हजार वर्षांपूर्वी हेतूच्या तीन कसोट्या सांगितल्या. मुलांच्या भाषेत त्या अशा : जे कारण सांगता ते इथे खरोखर आहे काय? जिथे असाच परिणाम झाला तिथेही ते दिसते काय? आणि जिथे परिणाम झालाच नाही, तिथे ते गैरहजर आहे काय? म्हातारी तर रोज दहा दारांवरून जाते. बाकीच्या नऊ म्हशी दूध देतात. इथेच तो आरोप कोसळतो. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा येण्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून व्हावा लागला. हा प्रश्न मात्र कोणतेही लेकरू विचारू शकते.

आता थोडे आमच्या लोकांविषयी, राग आला तरी चालेल. आमच्या अनेक विहारांत बावीस प्रतिज्ञा मुलांकडून पाढ्यासारख्या म्हणवून घेतल्या जातात. एका मुलाने आम्हाला विचारले, "ही प्रतिज्ञा बाबासाहेबांनी का दिली?" शेजारच्या कार्यकर्त्याने त्याला गप्प बसविले. कालामांना तथागतांनी परंपरा, ग्रंथ आणि गुरूचा शब्द एवढ्यावर विसंबू नका असे सांगितले, हे आम्ही भाषणात सांगतो. निव्वळ तर्कावरही विसंबू नका, ते अहितकारक आहे की हितकारक हे स्वतः पारखा, हा पुढचा भाग मात्र विसरतो. सुभेदार रामजी पहाटे दोन वाजता भिवाला उठवून अभ्यासाला बसवीत. त्याच भिवाने पुढे मनुस्मृतीलाच जाब विचारला.

येत्या हंगामात टोळ्या निघण्यापूर्वी आम्ही काही मित्र मुलांना एकेक वही देणार आहोत. तिच्यात तारीख, टन, उचल आणि कपात यांचे रकाने असतील. पाचवा रकाना मुलांसाठीच : हे कोणी सांगितले, आणि कोणी पाहिले?