आड एक, चुली दोन

गेल्या भाऊबीजेला बहीण आली ती भाच्याला घेऊन. एरवी हा यायचा म्हटला की आमच्याकडे चकलीच्या डब्याला नवी जागा शोधावी लागते. त्या दिवशी मात्र स्वारी कोपऱ्यात गप्प बसून होती. फारच खोदून विचारले तेव्हा म्हणाला, "मामा, माझं पॅकेज तीन आठवडे नुसतं पडून आहे. वाईट आहे, असं जरी कुणी म्हणालं असतं ना, तरी चाललं असतं!"

मी पडलो मराठीचा मास्तर. पॅकेज म्हणजे टपालाने येणारे पुडके, एवढेच माझे ज्ञान. पण त्याचे शेवटचे वाक्य मला नेमके लागले. माझ्या टेबलाच्या खणात एका विद्यार्थिनीची कथा जुलैपासून 'अभिप्रायार्थ' पडून होती! तेव्हा मी मुकाट्याने ऐकू लागलो.

जुन्या टंकांत अडकलेला मराठी मजकूर आजच्या युनिकोडमध्ये आणणारी एक छोटी आज्ञावली त्याने लिहिली होती. अशी आज्ञावली, ती कशी बांधायची, तिला आणखी काय काय लागते आणि तिच्यावर हक्क कुणाचा, हे सारे नीट भरलेला डबा म्हणजे पॅकेज. तो डबा त्याला डेबियनमध्ये पोचवायचा होता. डेबियन ही लिनक्सच्या कुटुंबातली एक थोरली पाती. इयन मर्डॉक नावाच्या तरुणाने १९९३ साली ती सुरू केली आणि मैत्रीण डेब्रा हिचे नाव आपल्या नावाला जोडून हे नाव तयार केले. २००४ साली तिच्यातूनच उबुंटू वेगळे निघाले. वेगळे निघाले म्हणजे आपल्या वाड्यात भाऊ निघतात तसेच: चूल वेगळी, आड एकच. उबुंटू दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढते, आणि तिच्यातली बहुतेक पॅकेजे डेबियनच्याच आडातून शेंदलेली असतात.

आता हा आड उपसायचा कुणी, ही खरी भानगड. पूर्वी उबुंटूने नव्या पॅकेजांची स्वतःची तपासणी मांडली होती. दोघा जाणत्यांनी मान डोलावल्याशिवाय पॅकेज आत जात नसे. डेबियनच्या दारी 'मेंटर्स' म्हणून वेगळी जागा होतीच. तपासणारे दोन्हीकडे मोजकेच, आणि तेही बहुतेक पोटापाण्याचा उद्योग सांभाळून रात्री जागणारे. पुढे उबुंटूने आपली ती जागा बंद केली आणि नवागतांना सांगायला सुरुवात केली, की आधी थोरल्या घरी जा, तिथे शिरलात की इकडे आपोआप याल.

ऐकायला हे फार शहाणपणाचे वाटते. पण धाकट्या घरची मुले थोरल्या घरी धाडली आणि मास्तर मात्र तिकडे फिरकलेच नाहीत, तर त्याला वाटून घेणे कसे म्हणायचे? भाच्याचा राग यावरच होता.

आणि हा नुसता मानापमानाचा प्रश्न नव्हे. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनमधल्या ओपनएसएसएल या पॅकेजातून दोन ओळी काढल्या गेल्या. दोष शोधणारे एक साधन त्या ओळींबद्दल तक्रार करीत होते. काढणाऱ्याने आधी जाणकारांना विचारलेही होते. कुणी जोराने 'नको' म्हटले नाही. परंतु गुप्त किल्ल्या घडवताना लागणारा बेभरवसा त्याच ओळींतून येत होता! त्या गेल्या, आणि एका जातीच्या, एका लांबीच्या किल्लीचे प्रकार उरले जेमतेम ३२ हजारांच्या घरात. चोराने एकेक लावून पाहावी इतके थोडे. १३ मे २००८ रोजी ही गोष्ट जाहीर झाली, तोवर पावणेदोन वर्षे लोटली होती. आणि आड एकच असल्यामुळे उबुंटूच्या घागरीही त्याच पाण्याने भरल्या होत्या. दोन घरांत मिळून आणखी एका डोळ्याने ती दुरुस्ती नीट पाहिली असती तर?

"मग सगळे अधिकारच एकत्र करा," मी म्हणालो.

"तसं नाही मामा. सही ज्याची, जबाबदारी त्याची. डेबियनमध्ये पॅकेज चढवायचं तर तिथल्याच अधिकाऱ्याची सही हवी. पण चुका कुणीही दाखवाव्यात!"

हे मला चटकन पटले. उत्तरपत्रिकेवर गुण नेमलेल्या परीक्षकानेच द्यायचे; पण मुलाचा कच्चा निबंध वाचायला विद्यापीठाचे पत्र कशाला लागते?

जानेवारीत त्याचा फोन आला. पॅकेज कुणीतरी पाहिले होते. दोन्ही घरांत वावर असलेले एक गृहस्थ. चुका निघाल्या सात. त्यांतली मोठी अशी, की अक्षरांचा एक तक्ता भाच्याने दुसरीकडून उचलला होता आणि तो वापरायची परवानगी कुठेच नोंदवली नव्हती. (वाङ्मयचौर्यावर मी वर्गात दर साल तास घेतो, सख्ख्या भाच्यापर्यंत तो पोचला नव्हता.) सात चुका सांगताना त्याचा आवाज असा, की जणू सात बक्षिसे मिळाली! दुरुस्तीच्या तीन फेऱ्या झाल्या, आणि पॅकेज आत गेले.

खणातली कथा मी त्याच रात्री काढली. मुलगी बरी लिहिते. शेवट तेवढा घाईचा आहे. उशिराबद्दल क्षमा मागितली तेव्हा ती म्हणाली, "सर, मला वाटलं तुम्हांला आवडली नाही." सहा महिने तिने दुसरे काही लिहिले नव्हते.

यंदा भाऊबीजेला भाचा पुन्हा कोपऱ्यात. मांडीवर संगणक, समोर कुणा अनोळखी मुलाचे पहिलेवहिले पॅकेज. सहीचा अधिकार त्याला अजून नाही, तरी चुका काढणे चालू होते. बहीण दोनदा ओरडली, तिसऱ्यांदा आमची ही ओरडली.

"आलोच मामी! याला बिचाऱ्याला दोन आठवडे कुणी विचारलेलं नाही," तो म्हणाला, आणि चकली पुन्हा ताटलीतच राहिली.